निळी, काळी आणि बटणताई

आमच्या ग्रंथालयातून लोक पुस्तकं वाचायला नाही, ऐकायला नेतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच ते आहे. खाली कपाटं, देवाणघेवाणीचं माझं टेबल आणि साहेबांची केबिन. वर, जिना संपला की डाव्या हाताला, रेकॉर्डिंगची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्या भिंतींवर जाड गालिचे ठोकलेत, आणि मधोमध काच आहे. काचेच्या पलीकडे पुस्तक वाचणारा बसतो. अलीकडे, कॉम्प्युटरपुढे, बटणताई बसायची.

हे नाव तिला एका म्हाताऱ्या श्रोत्यानं दिलं. त्यानं फोनवर विचारलं होतं, "ती बटणं दाबणारी ताई आहे का? तिला सांगा, गोष्टीत मागं कुत्रं भुंकतंय." आम्ही हसलो. बटणताई हसली नाही. कुत्रं भुंकलं आणि आपल्या कानातून निसटलं, हे तिला सहनच झालं नाही. दुपारभर बसून तिनं ते कुत्रं वाक्यातून अलगद वेगळं काढलं आणि मग स्वतः त्या आजोबांना फोन करून सांगितलं, "गेलं ते."

तिचे कान तसेच होते. वाचणाऱ्याची कवळी सैल झाली, त्याला भूक लागली, त्यानं पान उलटायच्या आधी बोट ओलं केलं, सगळं तिला काचेपलीकडून कळायचं. ती आली होती टायपिस्ट म्हणून. टेपचं मशीन चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा "तोपर्यंत तुम्ही बघा" असं तिला सांगितलं गेलं, आणि ते तोपर्यंत कधी संपलंच नाही. टेप गेल्या, कॉम्प्युटर आला. तोही ती स्वतःच शिकली. बिघाड झाला तर बाहेरून माणूस बोलवायची वेळ तिनं कधी येऊ दिली नाही.

आणि तिचे मास्तर होते. म्हणजे तिचे असं आम्हीच म्हणायचो. ते निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे, आवाज खोल आणि स्वच्छ. आमच्याकडची निम्मी पुस्तकं त्यांच्या आवाजात आहेत. कितीतरी वर्षं ते फक्त बटणताईसमोर वाचत आले. तिनं अंगठा वर केला की सुरू करायचं, पेन्सिल काचेवर वाजली की चुकलं, वाक्य पुन्हा. मास्तरांचा घसा बसला की बटणताई घरातली मधाची बाटली उचलून आणायची. तिचा नवरा बस चालवायचा. तो एकदा मला म्हणाला होता, "मास्तर खोकतात तिकडे, आणि आमच्याकडे मध मिळत नाही."

मग ग्रंथालयाला नव्या तऱ्हेची पुस्तकं करायची लहर आली. ऐकणाऱ्याला हव्या त्या प्रकरणावर, हव्या त्या पानावर थेट उडी मारता येईल अशी. ते काम ज्या प्रोग्रॅमवर व्हायचं तो आमच्या कॉम्प्युटरवर चालेना. त्याला कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीमच वेगळी लागायची, आणि बटणताईचा आवाज साफ करायचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमशिवाय चालायचा नाही. दुसरा कॉम्प्युटर घ्यायला साहेब तयार नव्हते. तेव्हा एक बाई नेमली गेली, तिशीतली, एका मुलीची आई, आणि तिनं आल्या आल्या त्या एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम बसवल्या. जुनीचा पडदा निळा, म्हणून ती निळी. नवीचा काळा, म्हणून काळी. कॉम्प्युटर चालू केला की आधी दोन ओळींची पाटी यायची, निळी की काळी, आणि आपण निवडायचं. न निवडता नुसतं बसलं तर काळी सुरू व्हायची.

"माझ्याच खुर्चीत बसून मला पाहुण्यासारखं विचारतो, कोण पाहिजे म्हणून," बटणताई मला म्हणाली. "आणि उत्तर दिलं नाही तर तिलाच आत घेतो."

त्या बाईला सगळे पहिल्या दिवसापासून नवीनबाई म्हणत. दीड वर्ष उलटलं तरी ती नवीनच राहिली. सकाळी बटणताई निळीवर काम करायची, दुपारी नवीनबाई काळीवर. सुरुवातीला कॉम्प्युटरच्या घड्याळाचा घोळ झाला. दुपारी काळी वापरली की दुसऱ्या दिवशी सकाळी निळीचं घड्याळ भलतीच वेळ दाखवायचं. बटणताईनं ते रोज नीट लावायचं आणि ते रोज बिघडायचं. शेवटी ती साहेबांकडे गेली, "ती माझं घड्याळ फिरवते." साहेबांनी नवीनबाईला बोलावलं. तिनं शांतपणे सांगितलं की दोन्ही सिस्टीम आतल्या एकाच घड्याळाकडे बघतात, पण एक त्यातली वेळ इथली समजते आणि दुसरी सगळ्या जगाची समजून त्यात फरक घालते. मग वर गेली, काळीला एक सूचना दिली, आणि साहेबांचा चहा संपायच्या आत खाली आली. घड्याळ पुन्हा म्हणून बिघडलं नाही.

साहेब म्हणाले, "वा, हुशार आहे हो." ते बटणताईच्या समोर म्हणाले.

तिथून तिच्या पोटात दुखायला लागलं, ते मी रोज बघत होते. नवीनबाईची काळी झटकन उघडते असं कुणी सहज बोललं तरी ते हिला लागायचं. निळी म्हातारी झाली होती, उघडायला वेळ घ्यायची. एक दिवस बटणताई खुशीत खाली आली आणि मला वर ओढत घेऊन गेली. "बघ." तिनं बटण दाबलं, निळी निवडली, आणि मी खुर्ची ओढेपर्यंत निळी समोर हजर. निळीच्या आत कुठंतरी लवकर सुरू होण्याची एक खूण होती, ती तिनं शोधून लावली होती. "आता बोलव तुझ्या नवीनला. लाव शर्यत."

मी म्हटलं, "अगं, माझी कशाला? आणि शर्यत कुणी लावलीय?"

"तिनंच लावलीय. तुम्हाला दिसत नाही."

पण खरं दुखणं कॉम्प्युटरचं नव्हतं. साहेबांनी एक मोठी कादंबरी नव्या पद्धतीनं करायची ठरवली आणि मास्तरांना दुपारी यायला सांगितलं. म्हणजे नवीनबाईकडे. मास्तर बटणताईला 'बाई' म्हणत, 'तुम्ही' म्हणत. नवीनबाईला ते आठवड्याभरात 'पोरी' म्हणायला लागले. दुपारी वरून हसण्याचा आवाज यायचा. गालिचे ठोकलेल्या खोलीतून जिन्यापर्यंत हसू ऐकू यायचं म्हणजे दार उघडं असणार. दार उघडं ठेवून रेकॉर्डिंग! बटणताई घरी जायच्या वेळी माझ्या टेबलाशी उगीच रेंगाळायची, एक कान वर.

रात्रीच्या जेवणाला तिचा नवरा विचारायचा म्हणे, "आज पण भाजीत नवीनबाईच आहे का?"

कादंबरीचं रेकॉर्डिंग काळीवर व्हायचं, पण ते साफ करायचं काम बटणताईचंच होतं, निळीवर. त्यासाठी डिस्कचा एक भाग दोघींना सामायिक ठेवला होता. त्याला त्या गोदाम म्हणायच्या. दुपारी नवीनबाईनं गोदामात ठेवायचं, सकाळी बटणताईनं उचलायचं. आता, साफ न केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वाचनाच्या मधलं बोलणंही असतं. पाणी पितानाचं, पान शोधतानाचं. ते ऐकून कापून टाकायचं असतं. बटणताईनं आयुष्यभर ते कापलं. या वेळी मात्र ती ऐकत बसली.

मास्तर नवीनबाईला आपल्या बायकोबद्दल सांगत होते. ती स्वयंपाक करताना त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, आणि गोष्टीतलं माणूस मरायला टेकलं की म्हणायची, थांबा, आज त्याला राहू द्या, उद्या मारू. मास्तर हसत होते आणि हसता हसता त्यांचा आवाज भरून आला. बटणताईला इतक्या वर्षांत मास्तरांना बायको होती एवढंच माहीत होतं. मग नवीनबाईनं विचारलेलं ऐकू आलं, "मग हे ताईंना सांगितलं असेल ना तुम्ही?"

आणि मास्तर म्हणाले, "छे गं पोरी. त्या फार चांगल्या आहेत, पण त्यांच्यासमोर बसलं की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. पेन्सिल कधी वाजेल याकडेच अर्धं लक्ष."

हे तिनं मला लगेच सांगितलं नाही. पुष्कळ पुढे सांगितलं. त्या दिवशी ती नुसती खाली आली, माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून प्यायली आणि म्हणाली, "आवाज बरा आलाय. पंख्याची घरघर आहे थोडी."

साधारण त्याच सुमाराला प्रकरणं गायब व्हायला लागली.

नवीनबाई दुपारी रेकॉर्डिंग करून गोदामात ठेवायची, पुन्हा उघडून ऐकायची, खात्री करून जायची. दुसऱ्या दुपारी यायची तर ते नाही. बटणताई म्हणायची, सकाळी मला काही मिळालंच नाही. एकदा झालं, नवीनबाईला वाटलं आपलीच चूक. दुसऱ्यांदा झालं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मजा अशी की रोज व्हायचं नाही. कधी सगळं जागच्या जागी, कधी आख्खी दुपार पुसलेली. मास्तर तेच प्रकरण पुन्हा वाचायचे, त्यांचा घसा बसायला लागला. साहेब आधी समजुतीनं बोलले, मग आवाज चढवून.

आणि आम्ही खाली बसणारे एकमेकांकडे बघायला लागलो. दुपारी ठेवलेलं सकाळी नाही, आणि सकाळी त्या खोलीत असतं कोण? मोठ्यानं कुणी म्हटलं नाही. माझ्याही मनात आलं, ते मी नाकारत नाही. बटणताईच्या कानांना न बोललेलंही ऐकू यायचं.

"तुम्हा सगळ्यांना वाटतंय मी पुसते," ती एक दिवस मला म्हणाली.

"मी असं म्हटलं का?"

"नाही म्हटलंस. म्हणून तर." ती खुर्चीत नीट बसली. "मी पुसत नाही. पण खोटं कशाला बोलू, त्यातलं काही गेलं की मला बरं वाटतं. आता हे तू कुणाला सांगायचं नाहीस."

तिनं ठरवलं की हा चोर आपणच पकडायचा. काळीच खराब आहे, हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं. संधी लवकर मिळाली. नवीनबाईच्या मुलीला ताप आला आणि तिनं रजा घेतली. बटणताई दुपारी थांबली. मी पण काम आटोपून वर गेले.

ती घाई करत नव्हती. निळी बंद केली, कॉम्प्युटर चालू केला, काळी निवडली. काळीत शिरून गोदामात एक छोटी फाइल ठेवली, तिच्या स्वतःच्या खोकल्याची. पुन्हा उघडून ऐकली. मग काळी बंद, निळी चालू. गोदामात खोकला नाही.

"बघ," ती म्हणाली. "काळीनं गिळला."

मी म्हटलं, "की निळीनं?"

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. पण ती तिथंच थांबली नाही, हा तिचा गुण. तिनं पुन्हा तेच केलं. या वेळी निळीतून बाहेर पडताना तिनं 'बंद करा' दाबायच्या ऐवजी 'पुन्हा सुरू करा' दाबलं, कारण नाहीतरी लगेच चालूच करायचा होता. काळीत गेली, पुन्हा खोकली, ठेवलं, परत निळीत आली. खोकला होता. जसाच्या तसा.

ती खुर्चीत मागं टेकली. मग आणखी काही वेळा उलटसुलट करून बघितलं. निळी 'बंद' केली की काळीनं नंतर ठेवलेलं जायचं. निळी 'पुन्हा सुरू' केली की राहायचं. प्रत्येक वेळी तसंच. मधल्या दिवसांत कधी जायचं, कधी राहायचं, ते यामुळेच. सकाळचं काम संपवून बटणताई कधी कॉम्प्युटर बंद करून जायची, कधी नवीनबाई दारात उभी असली तर नुसता 'पुन्हा सुरू' करून खुर्ची मोकळी करून द्यायची.

"बंद म्हणजे बंद नाहीये ही," बटणताई हळूच म्हणाली.

मला काही कळेना. तिनं समजावलं ते असं. ती लवकर सुरू होण्याची खूण लावली की निळी बंद करताना खरी बंद होत नाही, झोपते. गोदामात काय काय आहे ते सगळं डोक्यात धरून झोपते. उठते ती तेच डोक्यात घेऊन, म्हणून तर झटकन उठते. मधल्या वेळात काळीनं गोदामात काही ठेवलं असेल तर त्याची निळीला खबरच नसते. ती उठल्या उठल्या आपल्या आठवणीतलं गोदाम खऱ्या गोदामावर ठोकून देते, आणि काळीचं जे असेल ते त्याखाली पुसलं जातं.

ती खूण कधी लावली होती, ते तिला आठवत होतं. मलाही. मला ओढत नेऊन दाखवली होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? तू घरी जा, उशीर झाला असेल तुला," ती म्हणाली. आणि तिनं ती खूण तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनीच तिला केबिनमध्ये बोलावलं. ते वैतागलेले होते. म्हणाले, हे दोन सिस्टीमचं लफडं आपल्याला झेपायचं नाही. नवीन पद्धतीचं पुढे बघू. "ती काळी काढून टाका. तुम्हाला येतं ना? आणि मास्तरांना सकाळी बोलवा, कादंबरी तुमच्याकडेच पुरी करू." नवीनबाईला खाली माझ्याबरोबर टेबलावर बसवायचं त्यांच्या मनात होतं.

बटणताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना. जे हवं होतं ते सगळं, आणि तेही न मागता, हातात आलं होतं. तिला काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"काढणार?" मी विचारलं.

"साहेबांनी सांगितलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मास्तर आले. बटणताईनं खुर्चीची उशी झटकली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, मधाची बाटलीसुद्धा आणली होती. मास्तर काचेपलीकडे बसले, चष्मा लावला आणि मान वर करून तिच्या अंगठ्याची वाट बघायला लागले. वाचायला लागले. एक चूक नाही. उच्चार स्वच्छ, विराम जागच्या जागी. तिला पेन्सिल उचलावीच लागली नाही.

तेच प्रकरण मास्तर नवीनबाईकडे वाचत होते तेव्हा जिन्याशी रेंगाळताना तिनं उघड्या दारातून ऐकलं होतं. त्यात मास्तर दोनदा अडखळले होते, एका जागी हसू आवरताना वाक्य गिळलं होतं. पण त्या वाचनातली म्हातारी उंबऱ्यात उभी असलेली दिसायची. आजच्या वाचनात उंबरा होता, म्हातारी होती, शब्द सगळे होते आणि कुणीच नव्हतं. दुसऱ्या कुणाला हा फरक कळला नसता. साहेबांना तर नाहीच. तिला कळला. तिचे कान तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, आणि आज बोलले असते तर तिला चाललं असतं.

प्रकरण संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "ठीक झालं का बाई?"

"ठीक झालं," ती म्हणाली.

"बरं झालं. त्या पोरीच्या मुलीचा ताप उतरला का, काही कळलं?"

मास्तर गेल्यावर ती बराच वेळ वरच बसून होती. मी जेवायला बोलवायला गेले तर पडद्यावर निळीच्या आतली ती खूण असलेलं पान उघडं होतं. ती बघत बसली होती. मला म्हणाली, "मला तिचा राग येतो गं. अजूनही येतो. ही खूण काढली म्हणून तो जाणार नाहीये." आणि तिनं खूण काढली. निळी बंद करून पुन्हा चालू केली. पूर्वीसारखा वेळ घेत, कण्हत, निळी उघडली.

साहेबांना तिनं एवढंच सांगितलं की काळी आत्ता काढली तर हातातलं पुस्तक अर्धवट राहील. ते पुरं होऊ दे, मग बघू. मास्तरांनाही दुपारचीच वेळ सोयीची पडते. साहेब म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं." तिला ते शब्द लाथ मारल्यासारखे लागले.

नवीनबाई परत आली. प्रकरणं गायब होणं थांबलं. नवीनबाईनं रजेवरून आल्या आल्या काळीचं काहीतरी अद्ययावत केलं होतं, तेव्हा साहेबांना वाटलं तिनंच दुरुस्ती केली. त्यांनी सगळ्यांच्या देखत तिची पाठ थोपटली. "शेवटी शोधलंत की नाही!" नवीनबाई गोंधळून म्हणाली, "मी तसं काही..." पण साहेब पुढे निघून गेले होते. बटणताई माझ्या टेबलाशी उभी होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झालेला. काय बोलणार? मी दुरुस्त केलं म्हणायचं, तर मीच बिघडवलं होतं हेही म्हणावं लागणार.

ती जिना चढून वर गेली, ते पाय आपटतच.

थोड्या दिवसांनी नवीनबाई दुपारच्या पाळीला जरा लवकर आली. बटणताई आवरत होती. मी नव्या पुस्तकांच्या तबकड्या न्यायला गेले होते, दाराशीच उभी राहिले.

"ताई," नवीनबाई म्हणाली, "तुमची निळी हल्ली फार सावकाश उघडते."

"वय झालं तिचं."

"मागं तर काळीच्या आधी उघडायची."

बटणताई हेडफोनची वायर गुंडाळत राहिली.

"माझ्या अद्ययावत करण्यानं काही झालेलं नाही," नवीनबाई म्हणाली. "मी जुनं परत लावून बघितलं, तरी फायली जात नाहीत. मग मी विचार केला की बदललंय काय, तर हेच एक. निळीतली लवकर सुरू व्हायची खूण तुम्ही काढलीत."

"काढली. लावली पण मीच होती." वायर गुंडाळून झाली होती, तरी तिचे हात चालूच होते. "तुझ्या काळीच्या पुढं जायला लावली होती. फायली जातील हे माहीत नव्हतं. कळल्यावरही दोन दिवस ठेवली. आता जाऊन सांग साहेबांना."

नवीनबाई खुर्चीच्या हातावर टेकली. "काळीनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "गोदामात ठेवताना ती अडायची. दुसरी सिस्टीम अजून आत आहे, असं ठेवणं धोक्याचं आहे, असं लिहून यायचं. मला वाटलं, उगीच नखरे. मास्तर खोळंबलेत, काम अडलंय. मी जबरदस्तीनं लिहायची परवानगी देऊन टाकली. घड्याळ ठीक केल्यापासून मला वाटायला लागलं होतं की या कॉम्प्युटरचं मला सगळं कळतं."

बटणताईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे ती झोपली होती आणि तू दार ढकलून आत शिरत होतीस."

"हो."

"हे तू रजेच्या आधी बोलली असतीस तर माझा चोर लवकर सापडला असता."

"तुम्ही मला विचारलं असतंत तर बोलले असते, ताई. तुम्ही कुठं बोलत होता माझ्याशी?"

बटणताईनं हेडफोन खुंटीला अडकवला. मी आत जाऊन तबकड्या उचलल्या आणि निघाले. नवीनबाईनं त्याच संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं, आपली चूक आधी. साहेबांना खूण, झोप, गोदाम यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "आता चालतंय ना? मग झालं."

काळी राहिली. कादंबरी पुरी झाली, दुपारीच, नवीनबाईकडेच. बटणताईनं ती साफ केली, आणि मास्तर जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "ऐकलंत का बाई? कसं झालंय?"

"एका जागी पान जरा मोठ्यानं उलटलंय," ती म्हणाली. मास्तर मान हलवून उतरायला लागले. ते वळणापर्यंत गेल्यावर ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "बाकी फार चांगलं झालंय मास्तर. मी दोनदा ऐकलं."

मास्तर थांबले. चष्मा काढून पुसला आणि खाली गेले.

याच्यापुढे दोघी जिवलग झाल्या असं मी सांगणार नाही, कारण झाल्या नाहीत. बटणताईनं शेवटपर्यंत तिला चहा विचारला तो तोंडदेखला. दुपारी वरून हसू आलं की तिची मान अजून वळायची. फक्त आता ती जिन्याशी रेंगाळायची नाही. कॉम्प्युटरचं काही अडलं तर मात्र दोघी त्याच्यापुढे डोक्याला डोकं लावून बसायच्या, आणि त्या वेळी कोण ताई आणि कोण नवीन हे बाहेरच्याला कळलं नसतं.

मग आमच्याकडे एक निवृत्त नर्स वाचायला यायला लागली. वैद्यकाची, आरोग्याची पुस्तकं. तिला मोकळेपणा मुळीच सोसायचा नाही. पहिल्या दिवशी नवीनबाईनं तिला, "बसा मावशी, आरामात वाचा, चुकलं तरी चालेल," म्हटलं, तर ती गोंधळून गेली. "चुकलं तर चालेल कसं? औषधाचं प्रमाण आहे हे." तिला बटणताईकडे पाठवलं. बटणताईनं अंगठा वर केला. नर्सनं वाचलं. दुसऱ्याच ओळीला पेन्सिल वाजली, आणि नर्सचा चेहरा खुलला.

त्या दोघींचं मस्त जमलं. दोघी मिळून एकेका शब्दावर भांडायच्या, आणि भांडून झालं की काचेच्या दोन बाजूंना बसून डबे उघडायच्या. एकदा मी वर गेले तेव्हा नर्स तिच्या वॉर्डमधला कुठला तरी किस्सा सांगत होती आणि बटणताई डोळे पुसत हसत होती. दार उघडं होतं. बाहेर, हातात काळीच्या कामाचे कागद घेऊन, नवीनबाई उभी होती. आत जायचं सोडून ती नुसती बघत होती, ओठ जरासे दाबून.

बटणताईनं तिला बघितलं. तो चेहरा तिनं लगेच ओळखला, स्वतःचाच असल्यासारखा. नर्सला म्हणाली, "सांगा ना, मग काय झालं?" आणि पुन्हा हसली, होतं त्याहून थोडं जास्तच.